नियंत्रण प्रणालीचे गणिती मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नियंत्रण प्रणालीचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि कारखान्यांत काम करणारे अभियंते मला जे प्रश्न पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न या पानावर एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या कंट्रोल सिस्टिम टूलबॉक्सविषयी असतात, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत. सायलॅब किंवा पायथॉन जिथे वेगळे वागतात, तिथे तशी नोंद केली आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतात. सूत्रांमधला 'एस' हा लाप्लास रूपांतराचा, म्हणजे अखंड काळात चालणाऱ्या प्रणालीचा, चल आहे आणि 'झेड' हा नमुन्यांवर चालणाऱ्या, म्हणजे डिस्क्रीट प्रणालीचा.

१. मॉडेल 'बदलणे' म्हणजे नेमके काय बदलणे?

या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. पहिल्या कामात प्रणाली तीच राहते आणि तिचे लिहिण्याचे रूप तेवढे बदलते. ट्रान्सफर फंक्शनचे (इनपुट आणि आउटपुट यांचे नाते सांगणारा बहुपदींचा अपूर्णांक) स्टेट-स्पेस (स्टेट, म्हणजे प्रणालीच्या आतले चल, आणि त्यांची 'ए', 'बी', 'सी', 'डी' या मॅट्रिक्समध्ये मांडलेली समीकरणे) करणे, स्टेटचा क्रम बदलणे किंवा सेकंदांऐवजी मिनिटांत लिहिणे ही त्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या कामात प्रणालीच बदलते. मोटारीच्या दांड्यावर जास्त जड चाक बसवले, एक सेन्सर काढून टाकला किंवा कंट्रोलरचा गेन, म्हणजे संकेत किती पट करायचा तो आकडा, वाढवला, तर इनपुट आणि आउटपुट यांच्यातले नातेच वेगळे होते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गल्लत असते : माणसाला रूप बदलायचे असते आणि त्याने दिलेली आज्ञा प्रणाली बदलून टाकते, किंवा याच्या नेमके उलट घडते. सॉफ्टवेअर दोन्ही आज्ञा मुकाट्याने पाळते, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही वैधच असतात. म्हणून आज्ञा लिहिण्यापूर्वी आपण या दोहोंपैकी कोणते काम करत आहोत, हे मनाशी ठरवून घ्यावे. पुढची बहुतेक उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

२. मॅटलॅबचा परवाना नाही. हेच काम मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते का?

होते. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेत सुरू झालेले सायलॅब, जीएनयू ऑक्टेव्हचे कंट्रोल पॅकेज आणि पायथॉनची 'पायथॉन-कंट्रोल' ही लायब्ररी, या तिन्हींत ट्रान्सफर फंक्शन, स्टेट-स्पेस, फीडबॅक आणि डिस्क्रीट रूपांतर या मूलभूत सोयी आहेत. सायलॅब शिकणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाने बरेच साहित्य तयार केले आहे, आणि तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे दिले आहेत. सायलॅबमध्ये एक गोष्ट विसरू नये : नुसता अंश-छेदाचा अपूर्णांक लिहिल्याने प्रणाली तयार होत नाही, तर 'सिसलिन' या आज्ञेने ती अखंड काळातली आहे की डिस्क्रीट, हे आधी सांगावे लागते.

३. ट्रान्सफर फंक्शन, झीरो-पोल-गेन आणि स्टेट-स्पेस यांपैकी मूळ मॉडेल कोणत्या रूपात ठेवावे?

झीरो म्हणजे ट्रान्सफर फंक्शनच्या अंशाची मुळे आणि पोल म्हणजे छेदाची मुळे; झीरो-पोल-गेन रूपात ती मुळेच साठवलेली असतात. कागदावर ही तिन्ही रूपे समान आहेत. संगणकात मात्र नाहीत, कारण संगणक आकडे सुमारे सोळा अंकांपर्यंतच साठवतो. कोटी (छेदातला सर्वांत मोठा घात, म्हणजेच पोलांची संख्या) लहान असेल, म्हणजे दोन-तीन असेल, तर सोयीचे वाटेल ते रूप घ्यावे. कोटी वाढली की ट्रान्सफर फंक्शन हे सर्वांत नाजूक रूप ठरते, कारण त्यात बहुपदीचे सहगुणक साठवलेले असतात आणि मुळे सहगुणकांतल्या सूक्ष्म फरकानेही लांब सरकू शकतात.

हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे. छेद (एस + १) चा दहावा घात घ्या. त्याची दहाही मुळे −१ वर आहेत. आता शेवटच्या अचल पदात दशांश चिन्हानंतर दहाव्या स्थानी १ मिळवा, म्हणजे ०.०००००००००१ एवढीच भर घाला. मुळे −१ पासून ०.१ अंतरावर जाऊन एका वर्तुळावर पसरतात, कारण त्या आकड्याचे दहावे मूळ ०.१ आहे. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांचे याहून प्रसिद्ध उदाहरण असे आहे : १ ते २० ही मुळे असलेल्या बहुपदीत −२१० हा सहगुणक २ च्या उणे तेविसाव्या घाताएवढ्या, म्हणजे एक कोटीव्या भागापेक्षा थोड्याच मोठ्या आकड्याने बदलला, तर वीसपैकी दहा मुळे वास्तव राहत नाहीत, संमिश्र होतात. त्या उदाहरणात तर मुळे एकमेकांवर आलेलीही नाहीत, एकेक अंतरावर नीट मांडलेली आहेत.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. भौतिक समीकरणांवरून मॉडेल तयार केले असेल, तर मूळ प्रत स्टेट-स्पेस रूपात ठेवावी, सर्व जोडण्या त्याच रूपात कराव्यात आणि ट्रान्सफर फंक्शन फक्त शेवटी, वाचण्यापुरते काढावे. एकीकडून दुसरीकडे वारंवार रूपांतर करत राहू नये. प्रत्येक फेरीत थोडी अचूकता निसटते.

४. तयार मॉडेलमधला एकच पोल किंवा एकच सहगुणक कसा बदलायचा?

मॉडेलच्या नावापुढे टिंब देऊन गुणधर्माचे नाव लिहावे आणि त्याला नवे मूल्य द्यावे. ट्रान्सफर फंक्शनला 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' हे गुणधर्म असतात, झीरो-पोल-गेन रूपाला 'झेड', 'पी' आणि 'के' हे असतात. ट्रान्सफर फंक्शनचे अंश आणि छेद कंसपेटीत, म्हणजे सेल ॲरेमध्ये, साठवलेले असतात, त्यामुळे महिरपी कंसात क्रमांक देऊनच आतल्या यादीपर्यंत पोहोचता येते. 'माझा आकडा का बदलत नाही' याचे कारण बहुधा हेच असते.

झीरो-पोल-गेन रूपात एक सापळा आहे. तिथला 'के' म्हणजे स्थिर अवस्थेतला गेन नव्हे. −२ आणि −५ वर पोल आणि 'के' १० असेल, तर स्थिर गेन १० भागिले १०, म्हणजे १ येतो. आता प्रतिसाद जलद व्हावा म्हणून −५ चा पोल −१० वर नेला आणि 'के' तसाच ठेवला, तर स्थिर गेन निम्मा, म्हणजे ०.५ होतो. पोल हलवल्यावर 'के' त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. इथे तो २० करावा लागेल.

५. मी प्लांटचे मॉडेल 'जी' बदलले, पण त्यावरून तयार केलेले बंद लूपचे मॉडेल 'टी' तसेच राहिले. असे का?

प्लांट म्हणजे जिचे नियंत्रण करायचे ती मूळ यंत्रणा, आणि बंद लूप म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे आणून (फीडबॅक देऊन) केलेली जोडणी. 'टी' तयार करताना सॉफ्टवेअरने त्या क्षणीचे 'जी' घेऊन आकडेमोड केली आणि निकाल साठवला. त्यानंतर 'टी'चा 'जी'शी संबंध उरत नाही, त्यामुळे 'जी' बदलल्यावर 'टी' पुन्हा काढावा लागतो. हा दोष नव्हे. जुने आणि नवे मॉडेल शेजारी ठेवून तुलना करता येते ती यामुळेच. एखादा प्राचल वारंवार बदलायचा असेल, तर मॅटलॅबमध्ये 'रिअल-पी' प्रकारचा बदलता प्राचल घेऊन मॉडेल बांधावे. मग 'टी'मध्ये तो प्राचल नावानिशी टिकतो आणि सगळी जोडणी पुन्हा न करता त्याचे मूल्य बदलता येते.

पायथॉनमध्ये मात्र उलट दिशेचा धोका आहे. तिथे 'एच = जी' असे लिहिल्याने प्रत तयार होत नाही, एकाच वस्तूला दुसरे नाव मिळते; पुढे 'एच'चा 'ए' मॅट्रिक्स बदलला तर 'जी'चाही बदलतो. म्हणून तिथे प्रत मुद्दाम करून घ्यावी.

६. स्टेट-स्पेस मॉडेलचा 'सी' मॅट्रिक्स बदलताना आकार जुळत नसल्याची चूक येते. काय करावे?

'सी' मॅट्रिक्स स्टेटवरून आउटपुट काढतो आणि 'डी' त्यात इनपुटचा थेट वाटा मिळवतो. समजा, मोटारीच्या मॉडेलमध्ये विद्युतप्रवाह आणि वेग असे दोन स्टेट आहेत आणि आउटपुट म्हणून फक्त वेग घेतला आहे. दोन्ही पाहण्यासाठी 'सी'च्या जागी दोन ओळींचा एकक मॅट्रिक्स ठेवला, तर 'डी' अजून एकाच ओळीचा असतो आणि मॉडेल मधल्या अवस्थेत विसंगत होते. 'सेट' ही आज्ञा वापरून 'सी' आणि 'डी' दोन्ही एकाच वेळी द्यावेत, म्हणजे तपासणी शेवटी एकदाच होते. मूळ आउटपुट ठेवून सर्व स्टेट त्याखाली जोडायचे असतील, तर 'ऑगस्टेट' ही तयार आज्ञा आहे.

७. अनेक इनपुट आणि आउटपुट असलेल्या मॉडेलमधून एखादा काढायचा किंवा नवा जोडायचा असेल तर?

कंसातला पहिला क्रमांक आउटपुटचा आणि दुसरा इनपुटचा, हे पक्के लक्षात ठेवावे. बोलताना आपण 'इनपुटपासून आउटपुटपर्यंत' असे म्हणतो, त्यामुळे क्रम उलटा लिहिला जातो. आणि मॉडेल दोन-बाय-दोन असेल तर चूकही दाखवली जात नाही, गुपचूप वेगळाच मार्ग निवडला जातो. नको असलेल्या इनपुटचा स्तंभ रिकाम्या चौकटी कंसाला समान केला की तो जातो. नवा सेन्सर जोडायचा असेल तर मॉडेल एकाखाली एक, आणि नवा इनपुट जोडायचा असेल तर शेजारी शेजारी चौकटी कंसात मांडावीत.

इनपुट काढल्याने स्टेट आपोआप कमी होत नाहीत. जे स्टेट आता कोणत्याही आउटपुटपर्यंत पोहोचत नाहीत किंवा ज्यांच्यापर्यंत कोणताही इनपुट पोहोचत नाही, ते 'एस-मिनरिअल' ही आज्ञा मॅट्रिक्समधल्या शून्यांची मांडणी पाहून काढते. उरलेल्या स्टेटना ती हात लावत नाही. जोडण्या तीनपेक्षा जास्त असतील तर क्रमांकांचा नाद सोडून प्रत्येक इनपुट-आउटपुटला नाव द्यावे आणि 'कनेक्ट' आज्ञेने नावांवरून जोडावे.

८. ट्रान्सफर फंक्शन आणि स्टेट-स्पेस मॉडेल एकमेकांत मिळवले तर उत्तर कोणत्या रूपात येते?

मॅटलॅबमध्ये यासाठी ठरलेला अग्रक्रम आहे : वारंवारतेच्या नोंदींचे मॉडेल सर्वांत वर, मग स्टेट-स्पेस, मग झीरो-पोल-गेन आणि शेवटी ट्रान्सफर फंक्शन. जोडणीतले जे रूप सर्वांत वरचे असेल, त्या रूपात उत्तर येते. वारंवारतेच्या नोंदींचे मॉडेल एकदा मिसळले की निकालातून पोल काढता येत नाहीत, कारण तिथे फक्त ठरावीक वारंवारतांवरची मूल्ये असतात.

९. बंद लूपसाठी 'जी भागिले (१ + जी गुणिले के)' हे सूत्र थेट लिहिले तर काय बिघडते?

इथे 'के' म्हणजे कंट्रोलर, प्रश्न ४ मधला 'के' नव्हे. सूत्र गणिताने बरोबर आहे, पण त्यात 'जी' दोनदा येतो आणि सॉफ्टवेअर दोन्ही वेळच्या 'जी'ला स्वतंत्र प्रणाली समजते. 'जी' १/(एस + १) आणि 'के' २/(एस + ४) घ्या. 'फीडबॅक' आज्ञेने (एस + ४)/(एस² + ५एस + ६) हे दुसऱ्या कोटीचे बरोबर उत्तर मिळते. सूत्राने तिसऱ्या कोटीचे उत्तर येते, ज्यात (एस + १) हा घटक अंशातही असतो आणि छेदातही.

इथे नुसता पसारा वाढला. प्लांट अस्थिर असेल, म्हणजे त्याचा पोल धन बाजूला असून आउटपुट आवरेनासे वाढत असेल, तर निष्कर्षच चुकतो. 'जी' १/(एस − १) आणि 'के' ४ असेल, तर खरा बंद लूप १/(एस + ३) आहे आणि तो स्थिर आहे. सूत्राने मिळालेले उत्तर (एस − १)/((एस − १)(एस + ३)) असे असते. त्याची स्थिरता तपासायला सांगितली की सॉफ्टवेअर +१ वरचा पोल पाहून प्रणाली अस्थिर असल्याचे सांगते. एका विद्यार्थिनीने या उत्तरावर विसंबून व्यवस्थित चालणारा कंट्रोलर टाकून दिला होता आणि आठवडाभर दुसरा शोधत होती. 'फीडबॅक' आज्ञा फीडबॅक उणे धरते. अधिक हवा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. सायलॅबमध्ये याच कामासाठी तिरपी रेघ आणि टिंब यांची जोडखूण आहे.

१०. मग 'मिनरिअल' वापरून समान पोल-झीरो छाटून टाकले तर चालेल का?

प्रश्न ९ मधल्यासारखा आकडेमोडीतून आलेला पसारा छाटायला ही आज्ञा योग्य आहे. तिची मूळची सहनमर्यादा सुमारे ०.०००००००१५ आहे. ती मर्यादा वाढवत नेली की 'जवळजवळ समान' असलेले पोल-झीरोही छाटले जातात, आणि तिथे रूप बदलण्याचे काम संपून प्रणाली बदलण्याचे काम सुरू होते.

अधिक गंभीर धोका वेगळा आहे. प्लांट १/(एस − १) आहे आणि कोणी कंट्रोलर (एस − १)/(एस + २) असा निवडला. दोहोंचा गुणाकार करून 'मिनरिअल' चालवला की १/(एस + २) उरते आणि त्यावर बंद केलेला लूप स्थिर दिसतो. पण प्लांटच्या तोंडाशी शिरणाऱ्या व्यत्ययापासून आउटपुटपर्यंतचे नाते काढले, तर ते (एस + २)/((एस − १)(एस + ३)) येते. म्हणजे अस्थिर पोल गेलेला नसतो, आपण फक्त त्याच्याकडे जाणारी खिडकी बंद केलेली असते. खऱ्या यंत्रात वाऱ्याची झुळूक किंवा व्होल्टेजमधला लहानसा चढउतारही ती अस्थिरता जागी करतो. म्हणून उजव्या अर्धपातळीतला, म्हणजे वास्तव भाग धन असलेला, पोल छाटला जात असेल, तर आज्ञेचा निकाल स्वीकारू नये, आराखडा बदलावा.

सायलॅब वापरणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे, कारण ते अंश आणि छेद यांतले समान घटक न विचारता आपोआप छाटते. 'सिम्प-मोड' ही खूण बंद केली की ते थांबते.

११. रूपांतरानंतर माझ्या स्टेटचा अर्थ हरवला. तो परत मिळतो का?

ट्रान्सफर फंक्शनमधून स्टेट-स्पेसमध्ये आला असाल तर मिळत नाही. ट्रान्सफर फंक्शनमध्ये प्रवाह आणि वेग यांची आठवण शिल्लकच नसते. इनपुट-आउटपुटचे तेच नाते देणारी स्टेटची निवड अगणित प्रकारे करता येते आणि सॉफ्टवेअर त्यांतली आकडेमोडीला सोयीची एक निवडते. मूळ मॉडेल स्टेट-स्पेस असेल आणि आपणच निर्देशक बदलायचे असतील, तर 'एसएस-टू-एसएस' आज्ञेला ज्याचा व्यस्त निघतो असा मॅट्रिक्स द्यावा. तो मॅट्रिक्स जपून ठेवला की परत येण्याची वाटही खुली राहते. स्टेट-फीडबॅकचा गेन एका निर्देशकांत काढून दुसऱ्या निर्देशकांतल्या मॉडेलला लावणे, ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मॅट्रिक्सचे आकार जुळतात आणि कोणतीही सूचना येत नाही.

१२. सॅम्पल टाइम बदलायचा आहे. 'टी-एस' या गुणधर्माला नवे मूल्य दिले की झाले ना?

नाही. या पानावरचा हा सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे. १/(एस + १) ही प्रणाली ०.१ सेकंदाच्या सॅम्पल टाइमने डिस्क्रीट केली, तर ०.०९५१६/(झेड − ०.९०४८) मिळते. आता 'टी-एस' थेट १ केला, तर हे आकडे तसेच राहतात आणि फक्त दोन नमुन्यांतले अंतर दहापट होते. परिणामी एका सेकंदाचा कालस्थिरांक, म्हणजे प्रतिसाद किती वेळात उमटतो ते सांगणारा आकडा, दहा सेकंदांचा होतो. जणू तीच चित्रफीत दहापट मंद गतीने लावली. प्रणाली तीच ठेवून नमुने घेण्याचा वेग बदलायचा असेल, तर 'डी-टू-डी' आज्ञा वापरावी. ती बरोबर उत्तर, म्हणजे ०.६३२१/(झेड − ०.३६७९), देते. मूळ अखंड मॉडेल हाताशी असेल तर त्यावरूनच पुन्हा डिस्क्रीट करणे याहून चांगले.

'टी-एस'ला थेट मूल्य देण्याचा योग्य प्रसंग एकच : आकडे बरोबर आहेत आणि सॅम्पल टाइमची नोंदच चुकली होती किंवा राहून गेली होती. मॅटलॅबमध्ये −१ म्हणजे 'डिस्क्रीट आहे, पण सॅम्पल टाइम सांगितलेला नाही', तर ० म्हणजे अखंड प्रणाली.

१३. अखंड मॉडेल डिस्क्रीट करताना कोणती पद्धत निवडावी?

प्लांटसाठी झीरो-ऑर्डर होल्ड घ्यावी. संगणकातून बाहेर पडणारे मूल्य पुढच्या नमुन्यापर्यंत तसेच धरून ठेवले जाते, आणि ही पद्धत नेमके तेच गृहीत धरते. त्यामुळे नमुन्यांच्या क्षणी उत्तर तंतोतंत येते. अखंड काळात आखलेल्या कंट्रोलरसाठी किंवा फिल्टरसाठी बहुधा टस्टिन पद्धत बरी. अर्नोल्ड टस्टिन या ब्रिटिश अभियंत्याने ती १९४७ साली मांडली.

टस्टिन पद्धत वारंवारतेचा अक्ष वाकवते, आणि हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कापण्यासाठी नॉच फिल्टर आखला आणि ०.००५ सेकंदाच्या सॅम्पल टाइमने तो टस्टिनने डिस्क्रीट केला, तर त्याची खाच ५० हर्ट्झवर राहत नाही, सुमारे ४२.४ हर्ट्झवर येते. गुणगुण तशीच राहते आणि वर ४२ हर्ट्झच्या आसपासचा उपयोगी संकेत कापला जातो. उपाय म्हणजे त्याच आज्ञेतला 'प्रीवार्प' हा पर्याय. त्याला ५० हर्ट्झ ही वारंवारता रेडियन प्रति सेकंदात, म्हणजे ३१४.१६ अशी द्यावी.

१४. डिस्क्रीट मॉडेल पुन्हा अखंड करताना कोटी वाढली किंवा आज्ञा अडली. का?

झीरो-ऑर्डर होल्डने परत जाताना प्रत्येक पोलाचा लॉगरिदम घ्यावा लागतो. शून्यावरच्या पोलाला लॉगरिदम नाही, म्हणून आज्ञा अडते. असे पोल बहुधा विलंबामुळे आलेले असतात (प्रश्न १६ पाहा). −०.५ सारख्या ऋण पोलाचा लॉगरिदम संमिश्र येतो आणि त्याला पहिल्या कोटीची वास्तव जोड मिळत नाही, म्हणून सॉफ्टवेअर कोटी वाढवून उत्तर देते. टस्टिन पद्धतीने परत जाताना −१ वरचा पोल हीच अडचण करतो. असा ऋण पोल मोजमापावरून काढलेल्या मॉडेलमध्ये आला असेल, तर अखंड प्रणाली शोधण्यापेक्षा नमुने पुरेसे जलद घेतले होते का, हे आधी पाहावे.

१५. सेकंदांऐवजी मिनिटांत काम करायचे आहे. 'टाइम-युनिट' बदलला तर सगळे आलेख बिघडले.

हे प्रश्न १२ चेच भावंड आहे. तो गुणधर्म थेट बदलला की आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो : १/(एस + १) चा कालस्थिरांक एका सेकंदाचा एक मिनिट होतो. वर्तन तेच ठेवायचे असेल तर 'सीएचजी-टाइमयुनिट' ही आज्ञा वापरावी. ती ६०/(एस + ६०) असे उत्तर देते, आणि मिनिटांच्या हिशेबात तीच मूळ प्रणाली आहे.

१६. मॉडेलमध्ये विलंब आहे. त्याभोवती फीडबॅक बंद केला तर ट्रान्सफर फंक्शन का मिळत नाही?

लूपमध्ये अडकलेला विलंब छेदात शिरतो आणि छेद बहुपदी राहत नाही. अशा बंद लूपला अनंत पोल असतात. मॅटलॅब तेव्हा स्टेट-स्पेस रूपात 'अंतर्गत विलंब' ठेवून उत्तर देते, आणि ते अचूक असते. स्टेप प्रतिसाद (इनपुट एकदम ० वरून १ केल्यावरचे आउटपुट) आणि बोडे आलेख (वारंवारतेनुसार गेन आणि फेज दाखवणारा) त्यावरून थेट काढावेत.

रूट लोकससारख्या (गेन बदलताना पोल कसे सरकतात ते दाखवणारा आलेख) पोलांवर चालणाऱ्या साधनांसाठी विलंबाच्या जागी पाडे यांचे अंदाजी रूप ठेवावे लागते. ०.५ सेकंदाच्या विलंबाचे पहिल्या कोटीचे पाडे रूप (४ − एस)/(४ + एस) आहे. त्याला स्टेप दिली तर आउटपुट पहिल्याच क्षणी −१ वर उडी मारते आणि मग +१ कडे चढते. खऱ्या विलंबात त्या अर्ध्या सेकंदात काहीच घडत नाही. म्हणून पाडेनंतरच्या आलेखात सुरुवातीला दिसणारी उलटी बुडी ही प्लांटची नव्हे, अंदाजाची आहे. कोटी वाढवून अंदाज सुधारतो, पण दहाच्या पुढे जाऊ नये. प्रश्न ३ मधला सहगुणकांचा नाजूकपणा तिथे आडवा येतो.

डिस्क्रीट प्रणालीत विलंब सॅम्पल टाइमच्या पूर्ण पटीत असेल, तर तो शून्यावरचे तेवढे पोल म्हणून तंतोतंत लिहिता येतो. तिथे अंदाजाची गरजच नसते.

१७. मॉडेलची कोटी कमी करायची आहे. कोणते स्टेट काढावेत?

स्टेटच्या यादीकडे पाहून ठरवू नये, कारण निर्देशक बदलले की स्टेटचे 'मोठे-लहानपण'ही बदलते. संतुलित रूपात मात्र प्रत्येक स्टेटला हँकेल सिंग्युलर मूल्य मिळते आणि इनपुट-आउटपुटच्या नात्यात त्या स्टेटचा वाटा किती, ते कळते. ब्रूस मूर यांनी १९८१ साली ही वाट दाखवली. 'बाल-रेड' ही आज्ञा तिच्यावर चालते. स्थिर प्रणालीत लहान मूल्यांचे स्टेट नुसते कापले, तर कोणत्याही वारंवारतेवरची चूक कापलेल्या मूल्यांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त होत नाही, ही मोठी हमी आहे. स्थिर अवस्थेतला गेन जसाच्या तसा हवा असेल तर तो जुळवणारा पर्याय घ्यावा. शून्य वारंवारतेवरची चूक त्याने जाते. इथे प्रणाली बदलते हे विसरू नये, आणि उरलेल्या स्टेटना भौतिक अर्थ राहत नाही (प्रश्न ११).

१८. यंत्र वेगळ्या पातळीवर चालवायचे आहे. जुन्या रेषीय मॉडेलमध्ये आकडे बदलून चालेल का?

पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. तळाच्या छिद्रातून बाहेर पडणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे रेषीय मॉडेलमधला कालस्थिरांकही कार्यबिंदूच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो. ४ मीटरवर काढलेले मॉडेल १ मीटरवर वापरले, तर कालस्थिरांक आणि स्थिर गेन दोन्ही खऱ्याच्या दुप्पट धरले जातात. टाकीसारख्या सोप्या प्रसंगी आकडे हाताने बदलता येतील. पण मॉडेलमध्ये दोन-तीन अरेषीय घटक आले की कोणता सहगुणक कशामुळे किती हलतो, याचा हिशेब हाताने धरवत नाही. तेव्हा अरेषीय मॉडेलकडे परत जावे, नवा समतोल बिंदू शोधावा आणि तिथे पुन्हा रेषीकरण करावे. असे अनेक बिंदू असतील तर प्रत्येकाचे मॉडेल एकाच मॉडेल-ॲरेमध्ये ठेवावे, म्हणजे सर्वांचे बोडे आलेख एका आज्ञेत दिसतात.

१९. मॉडेलचा व्यस्त घेतला तर 'इम्प्रॉपर' अशी सूचना येते.

१/(एस + १)² चा व्यस्त (एस + १)² आहे, म्हणजे अंशाची कोटी छेदापेक्षा मोठी होते आणि प्रणालीला शुद्ध अवकलन करावे लागते. मॅटलॅब असे मॉडेल 'ई' मॅट्रिक्स असलेल्या डिस्क्रिप्टर रूपात साठवू शकते, पण ते प्रत्यक्ष कंट्रोलरमध्ये उतरवता येत नाही. सोबत पुरेशा कोटीचा फिल्टर गुणावा लागतो. फिल्टरनेही सुटत नाहीत अशा दोन गोष्टी आहेत : उजव्या अर्धपातळीतला झीरो व्यस्तात अस्थिर पोल होतो, आणि विलंबाचा व्यस्त म्हणजे अजून न आलेला संकेत वाचणे.

२०. केलेला बदल बरोबर झाला, हे कसे तपासावे?

मूळ मॉडेल वेगळ्या नावाने जपून ठेवावे आणि प्रश्न १ मधला भेद आठवावा. रूपच बदलले असेल, तर जुन्या आणि नव्या मॉडेलचे पोल, स्थिर गेन आणि बोडे आलेख एकमेकांवर बसायला हवेत. याहून कडक कसोटी म्हणजे दोन मॉडेलची वजाबाकी करून त्या फरकाचा बोडे आलेख काढणे. मूळ मॉडेलच्या तुलनेत तो सर्व वारंवारतांवर नगण्य असायला हवा. प्रणाली बदलली असेल, तर काय बदलायला हवे आणि काय नको, हे आलेख काढण्यापूर्वी कागदावर लिहावे : दांड्यावर जड चाक लावले तर घर्षण तेच असताना स्थिर वेग बदलू नये, फक्त तिथपर्यंत पोहोचायला वेळ जास्त लागावा. आलेखात स्थिर वेगही हललेला दिसला, तर जडत्वाचा आकडा एका जागी बदलला आणि दुसऱ्या जागी राहून गेला, असे समजून शोध तिथून सुरू करावा. डिस्क्रीट रूपांतराची तुलना मात्र सॅम्पलिंगच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच करावी, आणि झीरो-ऑर्डर होल्डच्या बाबतीत बोडेऐवजी नमुन्यांच्या क्षणीचे स्टेप प्रतिसाद जुळवून पाहावेत, कारण ती पद्धत तिथेच तंतोतंत जुळते.